वरिष्ठ सभागृह कोणाचे? : डॉ. बाबासाहेब आंबेडकर

प्रास्ताविक

हा घटक वाचणारा विद्यार्थी मुलचेऱ्याचा असो, एटापल्लीचा असो की चामोर्शीचा, पदवी हाती आल्यानंतर तीन वर्षांनी त्याला एक असा मताधिकार मिळू शकतो, जो त्याच्या आईवडिलांपाशी बहुधा नसतो. नागपूर विभागाच्या पदवीधर मतदारसंघात नाव नोंदवून तो महाराष्ट्र विधान परिषदेच्या एका सदस्याच्या निवडणुकीत मत देऊ शकतो. त्याच गावात धानाची शेती करणाऱ्या किंवा तेंदूपाने गोळा करून वर्षाचा मीठमसाला भागवणाऱ्या निरक्षर मनुष्याला विधानसभेसाठी आणि लोकसभेसाठी मत आहे. परिषदेच्या या जागेसाठी नाही. राज्यसभेच्या बाबतीत तर दोघेही सारखेच; तेथे मत द्यायचे ते त्यांच्या विधानसभा मतदारसंघातून निवडून गेलेल्या आमदाराने.

वरिष्ठ सभागृह म्हणजे काय, हे पाठ्यपुस्तकात दोन वाक्यांत सांगता येते. ते कोणाचे असावे, तेथे कोणी बसावे आणि बसणाऱ्याने उत्तर कोणाला द्यावे, हा प्रश्न मात्र दोन वाक्यांत मिटलेला नाही. डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांनी हा प्रश्न सुमारे तीन दशके वेगवेगळ्या सत्तांपुढे मांडला. प्रथम ब्रिटिश सरकारपुढे, नंतर संविधान सभेपुढे आणि अखेरीस स्वतः त्या सभागृहाचे सदस्य होऊन. त्यांच्या चरित्राच्या इतर बाजू, म्हणजे महाडचा सत्याग्रह, पुणे करार, धर्मांतर, या आपण अन्यत्र अभ्यासल्या आहेत. येथे त्यांच्या जीवनाकडे या एकाच प्रश्नाच्या अंगाने पाहावयाचे आहे.

जडणघडण

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथील लष्करी छावणीत झाला. घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे गावचे. वडील रामजी सकपाळ लष्करात सुभेदार होते. साताऱ्यातील व मुंबईतील शालेय शिक्षण, एल्फिन्स्टन कॉलेजातील पदवी, बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती आणि १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात प्रवेश हा क्रम सर्वपरिचित आहे. एक गोष्ट मात्र आपल्या विषयाच्या दृष्टीने ध्यानात घेतली पाहिजे. शिष्यवृत्ती देणारे सयाजीराव हे स्वतः संस्थानिक होते, आणि पुढे संस्थानिकांच्या राजकीय हक्कांविषयी सर्वांत रोखठोक प्रश्न विचारणाऱ्यांत बाबासाहेब होते. व्यक्तीविषयीची कृतज्ञता आणि व्यवस्थेविषयीचे मत यांची त्यांनी गल्लत केली नाही.

१९१६ साली ते लंडनला आले. त्यापूर्वी पाचच वर्षे ब्रिटनमध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सचे दात काढून घेतले गेले होते. १९११ च्या पार्लमेंट अॅक्टने अर्थविषयक विधेयक रोखण्याचा उमरावांचा अधिकार एका महिन्यावर आणला आणि इतर बहुतेक विधेयके फार तर दोन वर्षे लांबवण्याची मुभा ठेवली. वंशपरंपरेने बसणाऱ्या सभागृहाच्या जागी लोकांच्या पायावर उभे राहिलेले दुसरे सभागृह आणण्याचा मनोदयही त्या कायद्याच्या प्रस्तावनेत नोंदवला गेला होता. तो तसाच राहिला. राज्यशास्त्राचा आणि अर्थशास्त्राचा हा विद्यार्थी ज्या शहरात शिकत होता, तेथे वरिष्ठ सभागृहाची सुधारणा हा ग्रंथातला नव्हे, वर्तमानपत्रातला विषय होता.

भारतात परत आल्यावर सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक असताना, जानेवारी १९१९ मध्ये, त्यांनी मताधिकाराची चौकशी करणाऱ्या साउथबरो समितीपुढे साक्ष दिली. अस्पृश्य वर्गाला स्वतःचे प्रतिनिधी स्वतः निवडता आले पाहिजेत, सरकारने कृपेने नेमलेला माणूस म्हणजे प्रतिनिधी नव्हे, हा त्यांच्या पुढील सर्व प्रतिपादनाचा गाभा तेथे प्रथम दिसतो. त्याच वर्षाच्या अखेरीस जो कायदा झाला, त्याने हिंदुस्थानात मध्यवर्ती कायदेमंडळाची दोन सभागृहे निर्माण केली. खालचे सेंट्रल लेजिस्लेटिव्ह असेंब्ली आणि वरचे कौन्सिल ऑफ स्टेट.

या कौन्सिल ऑफ स्टेटचे स्वरूप थोडे थांबून पाहण्यासारखे आहे. सदस्य जास्तीत जास्त साठ. त्यांतील बराच मोठा गट सरकारने नेमलेला. उरलेल्यांना निवडून देण्यासाठी मालमत्तेची व प्राप्तिकराची अट इतकी चढी होती की सबंध ब्रिटिश हिंदुस्थानातील मतदारांची संख्या काही हजारांच्या पलीकडे गेली नाही. वऱ्हाड-नागपूरकडच्या वाचकांना त्यातील दोन नावे ओळखीची वाटतील : प्रारंभीच्या वर्षांत सदस्य असलेले अमरावतीचे दादासाहेब खापर्डे आणि पुढे दीर्घकाळ त्या सभागृहाचे अध्यक्षपद भूषवणारे नागपूरचे उद्योगपती सर माणेकजी दादाभॉय. दोघेही मोठ्या योग्यतेचे पुरुष होते, यात शंका नाही. परंतु चांदा जिल्ह्यातील एखाद्या कुळाचे किंवा गोंड शेतमजुराचे त्या सभागृहाशी नाते कोणते, असे विचारले तर उत्तर सापडत नाही. ज्याच्यापाशी काही आहे, त्याच्या हिताचे रक्षण करणारे ते सभागृह होते. आणि ते तसेच असावे, अशीच ते निर्माण करणाऱ्यांची इच्छा होती.

प्रांतातील दुसऱ्या सभागृहाला विरोध

डिसेंबर १९२६ मध्ये मुंबई सरकारने बाबासाहेबांना मुंबई कायदेकौन्सिलचे सदस्य म्हणून नियुक्त केले. म्हणजे नामनियुक्तीला आक्षेप घेणारे बाबासाहेब स्वतः नामनियुक्त सदस्य म्हणून कायदेमंडळात आले. ही विसंगती लपवण्याची गरज नाही. अस्पृश्यांना निवडून येण्याचा मार्गच खुला नव्हता, तेव्हा आत शिरून तो मार्ग मागणे एवढेच हाती होते. त्यांनी ते केले.

सायमन आयोगाशी सहकार्य करण्यासाठी मुंबई कौन्सिलने जी समिती नेमली, तिच्यावर त्यांची निवड झाली. समितीच्या बहुमताच्या अहवालावर त्यांनी सही केली नाही. १७ मे १९२९ रोजी त्यांनी आपला स्वतंत्र अहवाल सादर केला. त्यात प्रौढ मताधिकाराची मागणी आहे, सर्व सदस्य निवडून आलेले असावेत असा आग्रह आहे आणि प्रांतात दुसरे सभागृह निर्माण करण्यास विरोध आहे. त्या काळी जमीनदार, सरदार, मोठे व्यापारी आणि त्यांचे हितचिंतक दुसरे सभागृह मागत होते. बहुजनांच्या हाती मत गेले तर ते उतावीळपणे कायदे करतील, तेव्हा वर एक शहाण्यांचा पहारा हवा, असा त्यांचा युक्तिवाद असे. ज्या समाजाला पाणवठ्यावरचे पाणी मिळवण्यासाठी मोर्चा काढावा लागला, त्याच्या प्रतिनिधीला या पहारेकऱ्यांची ओळख आधीच पटलेली होती. कायद्याने होणारी सुधारणा रोखून धरण्यासाठी आणखी एक दार बांधले, तर त्या दाराबाहेर कोण उभे राहील, हे त्यांना कोणी समजावून सांगण्याची आवश्यकता नव्हती.

ब्रिटिशांनी या मताला किंमत दिली नाही. १९३५ च्या कायद्याने मुंबई, मद्रास, बंगाल, संयुक्त प्रांत, बिहार व आसाम या सहा प्रांतांत विधान परिषदा स्थापन झाल्या. मध्य प्रांत व वऱ्हाडात त्या झाल्या नाहीत. चांदा जिल्हा त्या प्रांतात होता, ही गोष्ट पुढे पुन्हा आपल्या उपयोगी पडणार आहे.

संस्थानिकांच्या खुर्च्या

गोलमेज परिषदेचे पहिले अधिवेशन १२ नोव्हेंबर १९३० रोजी लंडनमध्ये सुरू झाले. अस्पृश्य वर्गाचे प्रतिनिधी म्हणून बाबासाहेब आणि मद्रासचे रेट्टामलई श्रीनिवासन तेथे गेले. ब्रिटिश प्रांत आणि देशी संस्थाने यांचे मिळून एक संघराज्य करावे, ही कल्पना त्याच अधिवेशनात पुढे आली आणि बहुतेक सर्व पक्षांनी तिचे स्वागत केले. ब्रिटिशांना ती का आवडली, हे उघड होते. कायदेमंडळाच्या दोन्ही सभागृहांत संस्थानिकांच्या माणसांचा भरभक्कम गट बसला की राष्ट्रीय चळवळीचा जोर आपोआप निम्मा होणार होता.

१९३१ च्या दुसऱ्या अधिवेशनात बाबासाहेबांचा समावेश संघराज्य रचना समितीत झाला. इतिहासाच्या पुस्तकांत हे अधिवेशन गांधीजींशी झालेल्या मतभेदांसाठी लक्षात राहते आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु अधिवेशनाच्या आरंभीच, सप्टेंबर महिन्यात, बाबासाहेबांनी समितीत केलेल्या भाषणाकडे अभ्यासकांनी जितके लक्ष द्यावयास हवे होते तितके दिलेले दिसत नाही. त्यांनी दोन प्रश्न उपस्थित केले. पहिला असा की, प्रत्येक संस्थानाला काही न विचारता संघराज्यात प्रवेश द्यावयाचा काय? आपल्या प्रजेला सुसंस्कृत जीवन देण्याची साधने ज्याच्यापाशी आहेत, असे संस्थान आणि चार गावांचा पसारा असलेले संस्थान यांना एकाच मापाने मोजावयाचे काय? दुसरा प्रश्न अधिक बोचरा होता. संघराज्याच्या कायदेमंडळात संस्थानांचे जे प्रतिनिधी बसतील, ते राजाने नेमलेले असतील की प्रजेने निवडलेले? त्यांचे स्वतःचे उत्तर स्पष्ट होते : निवडलेलेच हवेत. जमीनदारांना वेगळ्या जागा देण्यासही त्यांनी त्याच भाषणात हरकत घेतली.

समितीत संस्थानिक स्वतः बसलेले होते. बिकानेरचे महाराज गंगासिंह हे त्यांतील वजनदार नाव. आपल्या प्रजेच्या वतीने आपणच बोलतो, ही त्यांची धारणा इतकी पक्की होती की तिला कोणी समोरासमोर आव्हान देईल, ही कल्पनाच सभ्यतेला सोडून वाटावी. ब्रिटिश हिंदुस्थानातील इतर नेते संस्थानिकांना दुखवण्यास तयार नव्हते. संघराज्य हवे तर संस्थानिक हवेत, आणि संस्थानिक हवेत तर त्यांच्या अटी हव्यात, असा तो हिशेब होता.

हा वाद केवळ लंडनच्या टेबलावरचा होता, असे चांद्याच्या दक्षिणेकडील जंगलातून पाहणाऱ्याला वाटले नसते. प्राणहितेच्या पैलतीरावर निजामाचे हैदराबाद राज्य, इंद्रावतीच्या पलीकडे बस्तर संस्थान, आणि अलीकडे ब्रिटिश अमलात असूनही जमीनदारांच्या ताब्यातील मुलूख, त्यांत सर्वांत मोठी अहेरीची जमीनदारी. एका नदीने वेगळे केलेल्या, एकच बोली बोलणाऱ्या आणि एकाच बाजाराला येणाऱ्या माणसांपैकी अलीकडच्याचा प्रतिनिधी निवडणुकीने ठरणार आणि पलीकडच्याचा निजामाच्या किंवा बस्तरच्या दरबारातून येणार, असा त्या योजनेचा अर्थ होता. अलीकडच्यालाही पूर्ण सुख नव्हतेच. १९३५ च्या कायद्यान्वये अहेरी जमीनदारी अंशतः वगळलेल्या क्षेत्रांत गेली, म्हणजे कायदेमंडळाने केलेला कायदा गव्हर्नरांनी निर्देश दिल्याखेरीज तेथे लागू होत नव्हता.

१९३३ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटच्या संयुक्त समितीपुढे हिंदी प्रतिनिधींना बसण्याची संधी मिळाली तेव्हा बाबासाहेब पुन्हा लंडनला गेले. साक्षीदारांना प्रश्न विचारण्याचा अधिकार त्यांना होता आणि विन्स्टन चर्चिल यांच्यासारख्या कट्टर विरोधकालाही त्यांनी उलटतपासणीतून सोडले नाही. कायदा मात्र सरकारला हवा तसाच झाला.

आकड्यांतून दिसणारे सत्य

१९३५ च्या कायद्यातील संघीय वरिष्ठ सभागृहाची रचना पाहिली म्हणजे बाबासाहेबांचा आक्षेप कशाला होता हे कळते. एकूण जागा २६०. त्यांपैकी ब्रिटिश हिंदुस्थानाला १५६ आणि संस्थानांना जास्तीत जास्त १०४. म्हणजे दहातील चार खुर्च्या राजांनी नेमलेल्यांच्या. खालच्या सभागृहात ३७५ पैकी १२५, म्हणजे तृतीयांश. ब्रिटिश हिंदुस्थानाच्या १५६ जागांपैकी अनुसूचित जातींच्या वाट्याला सहा. सभागृह कधीही बरखास्त व्हावयाचे नाही. सदस्याची मुदत नऊ वर्षे, दर तीन वर्षांनी तृतीयांश निवृत्त. आणखी एक विचित्र गोष्ट अशी की वरिष्ठ सभागृहासाठी प्रत्यक्ष निवडणूक, परंतु ती मूठभर श्रीमंतांच्या मताने. आणि सामान्य लोकांचे म्हणावे त्या खालच्या सभागृहासाठी अप्रत्यक्ष निवडणूक. जगाची रीत येथे उलटी केली होती.

संघराज्य केव्हा अस्तित्वात यावे, हेही वरिष्ठ सभागृहातील खुर्च्यांवरच अवलंबून ठेवले गेले. त्या सभागृहातील संस्थानांच्या निम्म्या, म्हणजे ५२ जागांचे धनी असलेले आणि संस्थानी लोकसंख्येपैकी निम्म्या प्रजेवर राज्य करणारे राजे सामील होतील, तेव्हाच संघराज्याचा जन्म.

२९ जानेवारी १९३९ रोजी पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत बाबासाहेबांनी काळे स्मृती व्याख्यान दिले. विषय होता संघराज्य की स्वातंत्र्य. ते त्याच वर्षी इंग्रजीत पुस्तकरूपाने निघाले. या व्याख्यानाची धाटणी वक्त्याची नाही, वकिलाची आहे. कलमामागून कलम उलगडून ते श्रोत्यांना दाखवतात की या संघराज्यात एकच नागरिकत्व नाही. संस्थानातील मनुष्य राजाची प्रजाच राहतो. राजाने नेमलेला सदस्य ब्रिटिश हिंदुस्थानाच्या कारभारावर बोलणार, मत देणार. उलट ब्रिटिश हिंदुस्थानाचा निवडलेला सदस्य संस्थानाच्या अंतर्गत कारभाराविषयी अवाक्षर काढू शकणार नाही. राजा सार्वभौम सत्तेच्या, म्हणजे व्हाइसरॉयच्या दबावाखाली. तेव्हा त्याने नेमलेला सदस्य अखेरीस कोणाच्या इशाऱ्यावर हात वर करील, हे निराळे सांगावे लागत नाही. आणि ही रचना बदलावयाची झाली तर राजांची संमती लागणार. म्हणून ही स्वातंत्र्याकडे नेणारी पायरी नसून वाटेतला अडसर आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्यांचे हे म्हणणे केवळ सरकारविरुद्ध नव्हते. संघराज्याचे आमिष पाहून ते स्वीकारू पाहणाऱ्या सर्वच पक्षांना तो इशारा होता.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये महायुद्ध सुरू झाले आणि संघराज्याची योजना बासनात गेली. ५२ खुर्च्यांचे राजे कधी जमलेच नाहीत. १९१९ च्या कायद्याने जन्मलेले जुने कौन्सिल ऑफ स्टेट तसेच रखडत स्वातंत्र्यापर्यंत चालले.

संविधान सभेत

१९४६ साली मुंबईतून संविधान सभेवर जाण्याचा मार्ग बाबासाहेबांना मिळाला नाही. जोगेंद्रनाथ मंडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नाने ते बंगालमधून, पुढे पूर्व पाकिस्तानात गेलेल्या भागाच्या आधाराने, निवडून आले. मुलचेरा आणि चामोर्शी परिसरात आज जी बंगाली गावे दिसतात, ती पूर्व बंगालमधून निर्वासित होऊन आलेल्या कुटुंबांचीच. फाळणीने त्या लोकांचे घर नेले आणि बाबासाहेबांची संविधान सभेतील जागाही नेली. जुलै १९४७ मध्ये बॅ. मुकुंदराव जयकर यांच्या रिक्त जागेवर ते मुंबईतून पुन्हा आले. २९ ऑगस्ट १९४७ रोजी मसुदा समिती नेमली गेली आणि ते तिचे अध्यक्ष झाले.

आता प्रश्न विचारणारा मनुष्य उत्तर लिहिण्याच्या जागी बसला होता. केंद्रातील वरिष्ठ सभागृहाची जी रचना संविधानात आली, तिच्यात राजांच्या खुर्च्या नाहीत. वल्लभभाई पटेलांनी घडवून आणलेल्या विलीनीकरणामुळे ते शक्य झाले, हे खरे; पण १९३१ मध्ये लंडनला ज्या तत्त्वाला हसून बाजूला सारले गेले, तेच आता नियम झाले. राज्यांचे प्रतिनिधी राज्यांच्या विधानसभांच्या निवडलेल्या सदस्यांनी निवडावेत, आणि एकूण २५० पैकी केवळ बारा राष्ट्रपतींनी साहित्य, विज्ञान, कला व समाजसेवा या क्षेत्रांतून नेमावेत, असे ठरले. मूळ मसुद्यात नामनियुक्तांची संख्या पंधरा होती. अर्थविषयक विधेयक या सभागृहाला चौदा दिवसांपेक्षा अधिक अडवता येत नाही.

राज्यांतील विधान परिषदांचा प्रश्न अधिक वादाचा ठरला. कोणत्या प्रांतात ती असावी, हे त्या त्या प्रांतातून संविधान सभेवर आलेल्या सदस्यांवरच सोपवण्यात आले. मुंबई, मद्रास, पश्चिम बंगाल, संयुक्त प्रांत, बिहार आणि पूर्व पंजाब यांनी होकार दिला. आसाम, ओरिसा आणि मध्य प्रांत व वऱ्हाड यांनी नकार दिला. म्हणजे नागपूर-चांद्याकडील प्रतिनिधींचा निर्णय बाबासाहेबांच्या १९२९ च्या मताशी जुळला, आणि ज्या मुंबई प्रांतासाठी त्यांनी ते मत दिले होते, त्या प्रांताने मात्र परिषद मागून घेतली.

या विषयावरील चर्चेला १९४९ मध्ये उत्तर देताना बाबासाहेबांनी दुसऱ्या सभागृहाची भलावण केली नाही. आपण त्याचे फारसे भक्त नाही, ते काही अंशीच बरे आहे आणि संविधानात त्याला प्रयोग म्हणूनच स्थान दिले आहे, अशा आशयाचे त्यांचे निवेदन होते. त्याप्रमाणे त्यांनी प्रयोग मोडण्याची सोयही केली. आजच्या अनुच्छेद १६९ नुसार राज्याच्या विधानसभेने विशेष बहुमताने ठराव केला की संसद साध्या कायद्याने त्या राज्यातील परिषद रद्द किंवा निर्माण करू शकते; त्यासाठी घटनादुरुस्तीचा सोपस्कार लागत नाही. पश्चिम बंगालने १९६९ मध्ये, पंजाबने त्याच सुमारास आणि तामिळनाडूने १९८६ मध्ये या तरतुदीचा उपयोग करून आपल्या परिषदा गुंडाळल्या.

एका ठिकाणी अभ्यासकाला थांबावे लागते. आयुष्यभर प्रौढ मताधिकाराचा पुरस्कार करणाऱ्याने पदवीधरांना स्वतंत्र मतदारसंघ देणारी तरतूद का मांडली? अनुच्छेद १७१ प्रमाणे परिषदेचा बारावा हिस्सा पदवीधरांचा, बारावा शिक्षकांचा, तृतीयांश स्थानिक संस्थांचा, तृतीयांश विधानसभेने निवडलेला आणि उरलेला राज्यपालांनी नेमलेला असतो. महाराष्ट्राच्या ७८ जागांत पदवीधरांच्या सात आहेत. मसुदा समितीचा अध्यक्ष हा सभेच्या बहुमताचा लेखनिकही असतो, हे एक उत्तर. दुसरे उत्तर खुद्द कलमातच आहे : संसद कायद्याने अन्य तरतूद करीपर्यंतच ही रचना लागू राहावी, असे तेथे लिहिले आहे. संसदेने अद्याप तशी अन्य तरतूद केलेली नाही. ही दोन्ही उत्तरे प्रस्तुत लेखकाला पुरेशी वाटत नाहीत. १९२९ चा अहवाल लिहिणाऱ्या बाबासाहेबांनी या कलमावर नक्कीच खरपूस टीका केली असती.

राज्यसभेतील वर्षे

हिंदू संहिता विधेयकाची वाताहत झाल्यावर सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी विधिमंत्रिपदाचा राजीनामा दिला. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत उत्तर मुंबई मतदारसंघात काँग्रेसचे नारायण काजरोळकर यांनी त्यांचा पराभव केला. त्यानंतर मार्च १९५२ मध्ये मुंबई राज्याच्या विधानसभेने त्यांना वरिष्ठ सभागृहावर पाठवले. त्या सभागृहाला राज्यसभा हे नाव १९५४ च्या ऑगस्टमध्ये मिळाले.

दुसऱ्या सभागृहाविषयी साशंक असलेला पुरुष पराभवानंतर त्याच सभागृहात बसला, यावर टीकाकारांनी बोट ठेवणे साहजिक आहे. मात्र तेथे बसून त्यांनी समाधान मानले नाही. १९५४ मध्ये त्यांनी भंडाऱ्याची लोकसभा पोटनिवडणूक लढवली. चांद्याच्या शेजारच्या त्या जिल्ह्यात ते सभा घेत फिरले आणि पुन्हा पराभूत झाले. प्रत्यक्ष लोकांच्या मताने निवडून येण्याची त्यांची धडपड प्रकृती खालावत असतानाही थांबली नव्हती.

राज्यसभेतील त्यांची भाषणे ही वेगळ्या अभ्यासाचा विषय आहेत. एकच उदाहरण येथे पुरे. सप्टेंबर १९५४ मध्ये अस्पृश्यता गुन्हे विधेयकावर चर्चा चालू असताना त्यांनी विधेयकाच्या नावालाच हरकत घेतली. गुन्ह्याला नव्हे, हक्काला महत्त्व द्यावे आणि कायद्याच्या नावात नागरी हक्कांच्या संरक्षणाचा उल्लेख असावा, असे त्यांनी सुचवले. सरकारने ते मानले नाही. १९५५ साली कायदा जुन्याच नावाने झाला. १९७६ मध्ये दुरुस्ती होऊन त्याला नागरी हक्क संरक्षण अधिनियम हे नाव मिळाले. सूचना करणारा तोवर वीस वर्षांपूर्वीच गेलेला होता.

१९५५ च्या अखेरीस भाषावार राज्यांवर लिहिलेल्या पुस्तकात ते वेगळ्या वाटेने याच प्रश्नाकडे वळले. राज्यसभेत जागा लोकसंख्येच्या प्रमाणात ठेवल्याने उत्तर प्रदेशाला ३१, मुंबईला १७ आणि चांदा ज्यात होते त्या मध्य प्रदेशाला १२ जागा मिळाल्या होत्या. राज्ये लहानमोठी असली की मोठ्यांचे वजन दोन्ही सभागृहांत सारखेच पडते, आणि अमेरिकेच्या सिनेटसारखा तोल येथे साधला जात नाही. बाबासाहेबांनी मार्ग सुचवला तो मोठी राज्ये फोडण्याचा : उत्तर प्रदेशाची तीन, बिहार व मध्य प्रदेशाची प्रत्येकी दोन. मराठी मुलखाचेही मुंबई शहर, पश्चिम, मध्य आणि पूर्व असे चार भाग त्यांनी मांडले. चांदा जिल्हा पूर्व महाराष्ट्रात येत होता. ही योजना मराठी वाचकांना तेव्हा रुचली नाही आणि आजही अनेकांना रुचत नाही.

एप्रिल १९५६ मध्ये राज्यसभेतील त्यांची दुसरी मुदत सुरू झाली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि आपल्या अनुयायांना दिली. तेथून ते चांद्याला आले. १६ ऑक्टोबरला चांद्याच्या मैदानावर दुसरा दीक्षा समारंभ झाला. जंगलपट्ट्यातील गावांमधून लोक पायी व बैलगाडीने आले होते. पंधरा दिवसांनी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, राज्यपुनर्रचना अमलात आली आणि चांदा जिल्हा मध्य प्रदेशातून निघून द्विभाषिक मुंबई राज्यात गेला. ज्या जिल्ह्याच्या प्रांताने विधान परिषद नाकारली होती, तो अशा रीतीने परिषद असलेल्या राज्यात आला. २६ ऑगस्ट १९८२ रोजी त्याच चांदा, म्हणजे चंद्रपूर जिल्ह्यातून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला, आणि मुलचेरा आज त्या जिल्ह्यातील एक तालुका आहे.

६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत बाबासाहेबांचे निधन झाले. त्या दिवशी ते मुंबई राज्याकडून निवडलेले राज्यसभेचे सदस्य होते, आणि त्यांच्या या मुदतीची पाच वर्षांहून अधिक वर्षे शिल्लक होती.